शेवंतीचा शिनेमा

रेणुकाचा फोन आला तेव्हा मी बीडला बँकेत हयातीचा दाखला द्यायला बसले होते. आम्हा पेन्शनवाल्यांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. हल्ली त्यासाठी मोबाइलसमोर तोंड धरायचं आणि डोळे मिचकावायचे. त्या यंत्राला माझं काही केल्या पटेना. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "मॅडम, नीट मिचकावा ना," आणि मी तिला सुनावणारच होते की बाई गं, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर डोळे वटारले, मिचकावायची सवय कुठून असणार... तेवढ्यात फोन वाजला. "आत्या, आबा गेले." बस्स, एवढंच. पोरीचा आवाज कोरडा होता, मागे शेळ्या ओरडत होत्या. मी त्या मुलीला म्हटलं, "राहू दे आज माझं," आणि होते तशी स्टँडवर जाऊन आष्टीच्या गाडीत बसले.

मच्छिंद्र माझा थोरला भाऊ, रेणुकाचा आजोबा. बापाचं ऐकून तीही मला आत्याच म्हणते. गाव त्याला मच्छूआबा म्हणायचं, मी दादा. आष्टी तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या उतरणीला आहे. जमीन म्हणजे ज्वारी, बाजरी पिकली तर पिकली अशी. दादाचं सगळं आयुष्य त्या जमिनीत आणि दहा-बारा शेळ्यांच्या मागे गेलं. बोलणं फार कमी. मी आमच्या घरातली बोलघेवडी, तो मुका, असं आई म्हणायची, आणि पुढं असंही म्हणायची की देवानं वाटणी करताना सुमीला दोन्ही वाटे देऊन टाकले. माणसांची नावं दादा विसरायचा. मला दोन मुली आहेत, त्यांच्या नावांचा घोळ त्यानं शेवटपर्यंत घातला. पण कुठल्याही शेळीची खापरपणजी विचारा, ती कुणाच्या दावणीला होती, कितीदा जुळी व्याली, कोणत्या दुष्काळात गेली, सगळं धडाधडा सांगायचा.

तो गेल्याला आता पाच-सहा आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे त्या सिनेमाचं काढतात. "तुमच्या भावाच्या नातीचा तो सिनेमा..." म्हणतात. म्हणून लिहायला बसले. सिनेमाचं खरं नाव मात्र लिहीत नाही, कारण दादानं ते कधी तोंडातून काढलं नाही. तो त्याला शेवंतीचा शिनेमा म्हणायचा, तेही कुणी फारच खोदून विचारलं तर.

शेवंती म्हणजे शेळी. दादाचा मुलगा विष्णू आणि सून दरसाल दिवाळी आटोपली की कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, उन्हाळा लागल्यावर परत येतात. रेणुका सहा वर्षांची झाली तेव्हा पोरीची शाळा बुडू नये म्हणून पहिल्यांदा तिला दादाजवळ ठेवलं. आई-बापाचा ट्रॅक्टर वळणाआड गेला आणि पोरगी गप्प झाली. जेवेना, बोलेना. वहिनी जाऊन तेव्हा वर्ष झालेलं, घरात बाईमाणूस नाही. मी धावत गेले, लाडू नेले, गोष्टी सांगितल्या, शेवटी रागावलेसुद्धा. माझी सगळी मास्तरकी वाया गेली. चौथ्या दिवशी दादानं एक करडू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. काळंभोर, आदल्या दिवशी जन्मलेलं, आई व्याताना मेलेली. म्हणाला, "हिला आई न्हाई. तू बग आता हिचं." आणि निघून गेला. पोरीनं बाटलीनं दूध पाजलं, आणि करडू प्यालं तेव्हा स्वतःही दोन घास खाल्ले. तिथून त्या दोघींची जोडी जमली. शेवंती तिच्यामागे शाळेत जायची, वर्गाच्या दारात बसायची. एकदा मी गेले असता माझ्या पिशवीतली वर्तमानपत्राची पुरवणी, जिच्यात माझा लेख आला होता, ती अख्खी खाऊन बसली. दादा त्या दिवशी पोट धरून हसला होता. म्हणाला, "सुमे, कुणीतरी वाचलं म्हन की तुजं!"

रेणुका नऊ वर्षांची असताना पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक गावात आला. जागा बघत हिंडत होता, त्याला डोंगरावर ही पोरगी आणि तिची शेवंती दिसली, आणि तो तिथंच थांबला. सिनेमाची गोष्ट साधी. आई-बाप तोडीला गेलेली एक मुलगी आणि तिची शेळी, दोघींनी काढलेलं एक वर्ष. शेवटी पाणी आटतं, शेळी मरते, आणि मुलगी एकटी डोंगर उतरून येते. एवढंच. अर्धं शूटिंग पावसाळा सरता सरता हिरव्या डोंगरात झालं, उरलेलं अर्धं भर उन्हाळ्यात. दादा रोज शूटिंगच्या जागी उभा असायचा. पोरीसाठी नव्हे हो, शेवंतीला कुणी उन्हात बांधू नये म्हणून.

सिनेमा तयार झाला आणि पुण्यात एका महोत्सवात दाखवायचा ठरला. दादाला बोलावणं होतं. तो म्हणाला, "मला न्हाई यायचं." मी म्हटलं, चल रे, नात पडद्यावर दिसणार आहे. तर म्हणाला, "ती मला घरात दिसती." शेवटी रेणुकाला मी घेऊन गेले. काय सांगू त्या थिएटरचं... चांगली शिकलीसवरलेली माणसं, केस पांढरे झालेली, आणि शेवटच्या प्रसंगात ही पोरगी त्या मेलेल्या शेळीपाशी बसते आणि रडते, तिथं सगळ्यांचे रुमाल बाहेर आले. पोरगी मोठ्यानं रडत नाही. ती आधी शेळीच्या कानातली कुसळं काढते, एक एक, नीट. मग तिचा हात थांबतो आणि तिच्या छातीतून जो काही आवाज येतो... दिवे लागले तरी कुणी उठेना. मग सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. एका आजींनी रेणुकाला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, इतकं छान कसं गं रडलीस?" रेणुका म्हणाली, "आलं." दिग्दर्शक माइकवर सांगत होता, त्या प्रसंगाचा एकच टेक झाला, कॅमेरावाला सुद्धा रडत होता, ही जन्मजात कलाकार आहे. आणि शेळीबद्दलही बोलला. म्हणाला, पहिल्या भागातली अल्लड शेळी दुसऱ्या भागात किती प्रौढ वाटते बघा, तिनंसुद्धा भूमिका समजून घेतली. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. मीही दिल्या. माझाही ऊर भरून आला होता, उगाच कशाला खोटं बोलू?

बीडला दाखवला तेव्हा तीच तऱ्हा. सभागृहात साहेबलोक, वकील, क्लासवाले सर, त्यांच्या बायका. माझ्या शेजारी बसलेले कोर्टातले एक नामांकित वकील, ज्यांच्यापुढं साक्षीदार चळाचळा कापतात, ते चष्मा काढून पुसत बसले. सगळे विचारत होते, आजोबा कुठायत, आजोबा? मी म्हणायचे, त्यांना बरं नाही. खोटंच. दादा ठणठणीत होता आणि गावात शेळ्या राखत होता.

मग गावानं धोशा लावला. आमच्या गावात सिनेमा काढला आणि आम्हालाच दाखवला नाही, हा काय न्याय झाला? बरोबरच होतं त्यांचं. पण दादा आडवा आला. पहिल्या वर्षी म्हणाला, तोडीवरून माणसं येऊ देत. माणसं आली, तर म्हणाला, पेरणी तोंडावर आलीय. पुढच्या वर्षी मी तारीख ठरवली, तर नेमका त्याच दिवशी हा गडी कपिलधारला निघाला. जो माणूस आयुष्यात कधी देवाला गेला नाही, त्याला त्याच दिवशी धबधब्याखालचा देव आठवावा? मी फोनवर त्याला अस्सं झाडलं. "तुला नातीचं कौतुकच नाही, तू हेकट आहेस, तू दगड आहेस," असं काय काय बोलले. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "र्‍हाऊ दे की, सुमे." त्या बोलण्यात विनवणी होती, हे मला आज कळतंय. तेव्हा मला फक्त हेका ऐकू येत होता. चौथ्या वर्षी मी त्याला विचारायचंच सोडून दिलं. शाळेच्या गुरुजींना गाठलं, बीडहून प्रोजेक्टर आणला आणि वैशाखातल्या एका दुपारी, ऊसतोडीच्या टोळ्या परतून सगळं गाव घरी असताना, शाळेच्या मोठ्या खोलीला घोंगड्या-वाकळा लावून अंधार केला.

खोलीत मुंगीला वाव नव्हता. पुढं पोरं, मग बाया, मागं पुरुष, खिडकीच्या कठड्यावर तरणी पोरं. रेणुका तेरा वर्षांची झाली होती, पुढं मैत्रिणींत बसलेली. दादाला मी हाताला धरून आणलं, पण तो आत येईना. दाराबाहेर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन पाठ करून बसला. म्हटलं बस बाबा, तुझं तू.

सिनेमा सुरू झाला आणि मला कळलं की पुण्याच्या लोकांनी सिनेमा पाहिलाच नव्हता. गाव कसं पाहतं म्हणून सांगू! कथेकडं कुणाचंच लक्ष नाही. "अय, आपली भिंत! तवा पडली न्हवती बघ." "ह्यो रामाचा बैल." "तात्याच्या अंगात माझा सदरा हाय बे, अजून दिला न्हाई त्यानं!" हसून हसून पोटं दुखली. आणि मग एका प्रसंगात, रेणुका गल्लीतून पळते तिथं, मागनं एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन गेली. दोन-तीन क्षण, जास्त नाही. मागं बसलेला बबन एकदम उभा राहिला. त्याची आई होती ती, वारून दोन वर्षं झालेली. बबन म्हणाला, "गुरुजी... परत दावा." गुरुजींनी परत दाखवलं. म्हातारी पुन्हा घागर घेऊन गेली. पुन्हा दाखवलं. चौथ्यांदा बबन खाली बसला आणि म्हणाला, "जाऊ द्या आता पुडं." मी आयुष्यात कितीतरी सिनेमे पाहिले, पण पडद्यासमोर माणसं अशी श्वास धरून बसलेली कधी पाहिली नव्हती.

अर्धा सिनेमा सरला. डोंगर वाळला, उन्हाळा आला. रेणुका शेळी घेऊन कोरड्या तळ्याकडं निघते. आणि बायांच्या मधोमध बसलेली गयाबाई, जिनं साठ वर्षं शेळ्याच राखल्या, ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बया. शेळी बदलली की!"

मी म्हटलं, "गप्प बसा हो गयाबाई, बघू द्या." तर तिच्या शेजारची म्हणाली, "न्हाई वो बाई, खरंच. ह्या शेळीचा कान बगा, टोकाला मुडपलाय. शेवंतीचे कान सपाट." तिसरी म्हणाली, "शेवंती चालताना पोरीच्या डाव्या अंगाला असायची. ही उजवीकडनं चाललीय." चौथीला तिचे दात दिसले, पाचवीला खूर. आमच्या भागातल्या शेळ्या सगळ्या काळ्याकुट्ट, मला तर दहा उभ्या केल्या तर दहाही एकच वाटतात. पुण्याच्या परीक्षकांना कळलं नाही, बीडच्या वकिलांना कळलं नाही, अहो दिग्दर्शकाला स्वतःला कळलं नाही! आणि इथं पन्नास बाया एका दमात सांगत होत्या की ही ती नव्हे. मला त्या क्षणी एवढा आदर वाटला त्या बायांचा, की माझी स्वतःची पदवी मला पोकळ वाटली. पण तो आदर टिकायला सवड मिळाली नाही, कारण गयाबाईनं पुढचा प्रश्न विचारला. "मग शेवंती कुठं गेली?"

आणि सगळं गाव त्याच प्रश्नाला चिकटून बसलं. मी गुरुजींना ओरडले, थांबवा ते. पडद्यावर ती दुसरी शेळी तोंडात पाला धरून तशीच थिजली. "इकली का काय?" "कापली असंल शिनेमावाल्यांनी." "शेवंतीच मेली, म्हनून दुसरी आनली." पोरं घाबरून रेणुकाकडं बघायला लागली. आणि रेणुका पडद्याकडं बघत होती, एकटक.

दारातली घोंगडी बाजूला झाली. उजेडात दादा उभा होता. म्हणाला, "म्या मारली."

मग त्यानं सांगितलं. माझा मुका भाऊ, ज्याच्या तोंडून एका वेळी चार वाक्यं आम्ही ऐकली नव्हती, तो भर गावासमोर बोलला. दुसऱ्या शूटिंगच्या आधी दिग्दर्शकाचा फोन आलता की शेवंती होती तशीच गुबगुबीत पायजे. उन्हाळ्यानं ती वाळली होती. विष्णू आणि सून अजून तोडीवरच होते, रेणुका मामाच्या गावाला गेलती. गावात लग्न होतं, उरलेला भात होता. "म्या घमेलंभर घातला तिच्यापुडं. मला म्हाईत व्हतं भातानं शेळी फुगती. लहान लेकराला बी म्हाईत हाय. पर म्हटलं, पोरीचा शिनेमा हाय, दोन दिसात अंगावर येईल... थोडाच घालतो म्हनलो आन् घालीत गेलो." पोट फुगलं. तेल पाजलं, पोट चोळलं, उंचवट्यावर पुढचे पाय ठेवून धरून बसला. उजाडताना गेली. दादानं तिला बांधावर पुरलं, आष्टीच्या बाजारातनं तशीच काळी शेळी आणली आणि त्याच खुंट्याला बांधली. तिला दुसऱ्यांच्या कळपात कधी सोडली नाही, एकटाच डोंगरापलीकडं चारायला न्यायचा, म्हणून गावातल्या बायांनी तिला जवळून पाहिलीच नव्हती. पोरगी परत आली, धावत गेली, शेळीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, शेवंते! "तिला कळलं न्हाई," दादा म्हणाला. "तिला म्या दिलती ती, आई-बाप तोडीला गेल्यावर. आन् म्याच..." चार वर्षं त्यानं सिनेमा का अडवला ते तेव्हा मला कळलं. ह्या बाया ओळखणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि पोरीनं हे ऐकलं तर ती आपल्या हातचं पुन्हा खाणार नाही, एवढंच भय त्याला होतं. आई-बाप अर्धं वर्ष परमुलखात असलेल्या पोरीला त्याच्याशिवाय होतं कोण? आणि मी शहाणी, प्रोजेक्टर घेऊन गेले. मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

रेणुका उठली. पोरांमधून वाट काढत दाराशी गेली. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "मला म्हाईत व्हतं, आबा."

"कवापासून?"

"आले त्याच दिवशी."

दादा म्हणाला, "मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी जेवत न्हवते," पोरगी म्हणाली. "म्या तिला शेवंती म्हनले, तवा तुमी जेवले. म्हनून रोज म्हनले."

नऊ वर्षांची होती हो ती तेव्हा. नऊ! आणि चार वर्षं तिनं हे एका शब्दानं कुणाला कळू दिलं नाही. जी गोष्ट दादा तिच्यापासून जपत होता, तीच ती त्याच्यापासून जपत होती, आणि दोघं एका ताटात जेवत होते.

गयाबाई म्हणाली, "लावा की पुडं, गुरुजी." सिनेमा पुढं सुरू झाला. दादा आत येऊन दाराजवळ भिंतीला टेकून बसला, रेणुका त्याच्याजवळ. आणि शेवटचा प्रसंग आला. शेळी पडलेली. पोरगी कानातली कुसळं काढतेय. पुण्यात ह्याला अभिनय म्हणून टाळ्या पडल्या होत्या. इथं सगळ्यांना आता ठाऊक होतं की ती पोरगी त्या शेळीसाठी रडत नाहीय, बांधावर पुरलेल्या दुसऱ्याच शेळीसाठी रडतेय, जिच्यासाठी तिला दुसरीकडं कुठंच रडता आलं नव्हतं. हुंदक्याचा आवाज नाही. मी पाहिलं तर एकेक बाई पदर डोक्यावरून पुढं ओढून घेत होती, मयताला बसतात तशी. मागं पुरुषांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. सिनेमा संपला, पडदा पांढरा झाला, आणि एकही टाळी वाजली नाही.

त्याच दिवशी, दिवे लागायच्या सुमाराला गयाबाई दुरडी घेऊन दारात. पिठलं आणि भाकरी. तिच्या मागं आणखी दोघी, त्यांच्याही हातात झाकलेली ताटं. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारची घरं भाकरी पोचवतात, ही आमच्याकडची रीत. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो गयाबाई, शेळीचं सुतक? आणि तेही चार वर्षांनी?" तिनं मला अस्सं पाहिलं, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडं पाहायचे. म्हणाली, "शेळीचं न्हाई वो, बाई. मानसानं एकट्यानं धरलंय ना इतकी वर्सं... आज सोडायचं हाय." आणि दादासमोर ताट ठेवून बसली. दादा भाकरी कुस्करत बसला होता. रेणुकानं पहिला घास त्याच्या तोंडात घातला आणि दुसरा त्याच्या हातून खाल्ला. गयाबाई उठताना खुंट्याच्या शेळीकडं बघून म्हणाली, "हिचं नाव काय ठिवनार मग?" तेव्हापासून ती दुसरीच. नावच पडलं दुसरी. आता म्हातारी झालीय, दात गेलेत.

दिग्दर्शकाला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मी कुणाचा सिनेमा काढला हे मलाच माहीत नव्हतं." बिचारा. मी त्याला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही नव्हतं.

त्या दुपारनंतर दादा बदलला म्हणाल, तर नाही. तसाच अबोल. पण एक गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही, हे मला ठाऊक होतं. पोरीनं माफ केलं, गावानं सोडवलं, पण कधी मी बसलेली असताना मध्येच म्हणायचा, "सुमे, मुकं जनावर गं... तिनं तोंड सुदीक फिरवलं न्हाई घमेल्यावरनं. म्या ठिवलं म्हनून खाल्लं." मी म्हणायचे, पुरे आता. त्यावर तो मान हलवायचा आणि उठून जायचा. सिनेमाचा पहिला अर्धा भाग, खऱ्या शेवंतीचा, त्यानं कधीच पाहिला नाही, असंच मला वाटत होतं.

दादाचा तेरावा झाला. विष्णू आणि सून कारखान्यावरून आले होते, ते दुसऱ्या दिवशी परत उसाच्या फडावर गेले. टोळी थांबत नाही. घरात मी आणि रेणुका. ती आता आष्टीला कॉलेजात जाते. माजघरात दादाचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं, त्याला टेकून ती बसली आणि मोबाइलवर सिनेमा लावला. पहिला भाग. म्हणाली, "आत्या, हे बघ." हिरव्या डोंगरावरून शेवंती धावत येते, अगदी कॅमेऱ्याच्या समोर थांबते, मान वर करते आणि आपल्याकडं बघत राहते. मी म्हटलं, "बघितलंय गं कितीदा. पुण्यात सगळे म्हणत होते, किती मायेनं बघते आपल्याकडं."

"आपल्याकडं न्हाई बघत ती," रेणुका म्हणाली. "ती कॅमेऱ्याकडं येतच न्हवती. मी बोलावलं, डायरेक्टरनं बोलावलं, येईना. मग आबा कॅमेऱ्याच्या मागं जाऊन हुबे राहिले. तवा आली पळत. आबाकडं बघती ती."

मी मोबाइल हातात घेतला आणि जवळ धरून पाहिला.

"शेवटच्या आठवड्यात ताप होता ना आबाला," ती सांगत होती, "तवा म्या दावलं त्यांना हे. आधी डोळेच मिटून घेतले. म्हनले, बंद कर. म्या म्हनले, आबा, एकदाच. मग बघितलं. परत लाव म्हनले. लई येळा लावलं, आत्या. मग म्हनले, लई भरोसा व्हता गं तिचा माझ्यावर."

"आणि तू?"

"म्या म्हनले, आजून हाय."